उजवा कान

आमच्या ठाण्याच्या शाळेतले मास्तर स्वतःच्या हाताने कधी कुणाला मारत नसत. त्यांच्या मोठेपणाची गोष्ट म्हणून हे आजही सांगितलं जातं, आणि ते खोटं नाही, म्हणून मी आधीच कबूल करून टाकतो. मारण्याचं काम ते आमच्याकडून करून घेत.

पद्धत अशी होती. आम्ही सगळी पोरं भिंतीला पाठ लावून नंबराने बसायचो. मास्तरांच्या मेजाजवळ पहिला नंबर, आणि मागच्या खिडकीपाशी, जिथे चिमण्यांची घाण पडे, तिथे शेवटचा. मास्तर कुणाही एकाला प्रश्न घालत. त्याला नाही आलं की त्याच्या खालच्याला, त्यालाही नाही आलं की आणखी खालच्याला. प्रश्न शेवटापर्यंत पोचला की फिरून पहिल्या नंबरावर जाई. ज्याला उत्तर येईल त्याने उठायचं, ज्यांना आलं नाही त्या प्रत्येकासमोर उभं राहायचं, डाव्या हाताने त्याचं नाक धरायचं आणि उजव्या हाताने थोबाडीत द्यायची. मग त्यांच्या वर जाऊन बसायचं. हळू मारलं तर मास्तर म्हणत, "मला ऐकू नाही आली." मग पुन्हा मारावी लागे. तेवढ्यात मास्तर तपकीर ओढून घेत.

त्या थोबाडींनी चढाओढ लागे आणि चढाओढीने विद्या येई, असं मी पुष्कळ मोठमोठ्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे. आली असेल बापडी. मला त्या वर्गात पक्कं शिकायला मिळालं ते एवढंच, की शेजारच्याला उत्तर आलं नाही तर आपला फायदा असतो. तिथे दोन पोरांची मैत्री टिकत नसे. सकाळी ज्याच्याबरोबर चिंचा खाल्ल्या त्याचंच दुपारी नाक धरावं लागे, आणि तोही मग उद्याची वाट पाहत बसे.

मी माजिवड्याचा, जातीने आगरी. बापूस मिठागरावर राबायचा, आजाही राबला, आणि मी चालायला लागल्यापासून तिथल्या बांधावर होतो. खाडीचं पाणी चौकोनी कोंड्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं आणि पडलेलं मीठ फळीने ओढायचं, हे आमचं काम. हातापायांना भेगा पडतात, भेगांत मीठ जातं, आणि मग कातडी अशी बनते की काटा मोडेल पण आत जाणार नाही. बापसाच्या डोक्यात काय आलं कोण जाणे, घरातलं एक पोर शिकलेलं हवं असं त्याने मनात घेतलं. भावकी हसली. "शालेन जाऊन काय मीठ गोड होनार हाय?" असं चुलत्याने विचारलं. बापूस दुसऱ्या दिवशी मला घेऊन ठाण्याच्या रस्त्याला लागला.

शाळा सरकारी होती, त्यामुळे मास्तरांना मला नाही म्हणता आलं नाही. महारवाड्यातल्या पोरांना मात्र नाही म्हणता येत होतं, आणि कुणी त्याचा जाब विचारत नव्हतं. मुलींचा तर विषयच नव्हता. 'ही शाळा सर्वांची आहे' असं मास्तर आल्यागेल्याला अभिमानाने सांगत, तेव्हा त्या सर्वांत नेमकं कोण कोण बसतं ते मला शेवटच्या नंबरावरून चांगलं दिसत असे.

वर्गात बहुतेक पोरं कचेरीतल्या कारकुनांची, वकिलांची, भटजींची. मी तोंड उघडलं की ती पोट धरून हसायची. मी 'शाला' म्हटलं की मागून चार आवाज 'शाला, शाला' करायचे. माझ्या अंगाला खाऱ्या चिखलाचा वास येतो म्हणून नाकाला उपरणं लावायची. मी गप्प बसणाऱ्यातला नव्हतो. पहिल्यांदा मला उत्तर आलं तेव्हा माझ्या लगेच वर एका वकिलांचा मुलगा बसत होता, तोच माझ्या वाट्याला आला. मी रीतीप्रमाणे त्याचं नाक धरलं आणि रीतीप्रमाणे दिली. पण हात मिठागराचा होता. त्याच्या गालावर पाचही बोटं उठली.

दुसऱ्या दिवशी त्याचे वडील शाळेत हजर. आगऱ्याच्या पोराने आमच्या नाकाला हात लावायचा म्हणजे काय, असा त्यांचा सवाल होता. मास्तरांनी डोळे मिटून विचार केला आणि निवाडा दिला. या मुलाने उत्तर द्यावं, पण मारू नये आणि जागाही सोडू नये. तो शेवटीच बसेल. इतरांनी त्याला मारण्यास हरकत नाही. माझ्या हातची थोबाडीत ती विटंबना आणि त्यांच्या हातची ती विद्या, असा हा न्याय. वकीलसाहेब समाधानाने गेले.

माझ्या लगेच वर, म्हणजे शेवटून दुसरा, कलेक्टर कचेरीतल्या एका कारकुनाचा मुलगा बसायचा. काटकुळा, डोळे टपोरे, शेंडी अंगापेक्षा मोठी. त्याला सगळं येत असे आणि काहीच सांगता येत नसे. प्रश्न आला की त्याचा जबडा अडकायचा, मान वाकडी व्हायची, पहिलंच अक्षर ओठांवर हिसके देत राहायचं. पोरं त्याच्यासारखी मान वाकडी करून दाखवायची. मास्तर क्षणभर बघत आणि म्हणत, "पुढचा." त्याला येतं हे मास्तरांना ठाऊक होतं. पाटीवर त्याची गणितं सगळ्यांत आधी सुटत. पण तोंडी विचारलेलं तोंडीच आलं पाहिजे, हा मास्तरांचा नियम होता.

त्याच्या पुढचा म्हणजे मी. मला उत्तर आलं तर त्याला कुणी मारायचं नाही, कारण मला तर बंदी. मला नाही आलं तर प्रश्न पहिल्या नंबरावर जाई. तिथे आता वकिलांचा मुलगा पोचला होता. तो उत्तर देऊन सावकाश चालत आमच्यापर्यंत येई आणि दोघांना देऊन जाई. कारकुनाच्या मुलाचं नाक तो जरा जास्तच वेळ धरून ठेवत असे.

एके दिवशी शाळा सुटल्यावर कारकुनाचा तो मुलगा तळ्याच्या काठी माझी वाट बघत उभा होता. मला बघून त्याने तोंड उघडलं. मी थांबलो. मला काही घाई नव्हती, माजिवडं पळून जाणार नव्हतं.

"तू म-म-मारत नाहीस," तो म्हणाला.

"मना मारायला बंदी हाय," मी म्हटलं.

यावर तो इतका हसला की त्याला खोकला आला. हसताना तो अजिबात अडखळला नाही. मलाही हसू आलं. माझ्या अपमानाचा कुणाला तरी उपयोग होतो आहे हे मला तोवर सुचलंच नव्हतं. त्या दिवसापासून मी अभ्यासाला लागलो. विद्येची गोडी वगैरे काही नाही. मला उत्तर आलं की त्याची एक थोबाडीत वाचत होती, आणि वकिलांच्या पोराला जागेवरून उठताच येत नव्हतं. एवढं कारण मला पुरेसं होतं.

त्याने मला आपली एक जागा दाखवली. ठाण्याच्या स्टेशनात तारघराच्या खिडकीखाली ओटा होता, त्यावर तो संध्याकाळी जाऊन बसे. आत तारयंत्र कट्टकट्ट वाजत असे. तारमास्तर पारशी होता, मोठा तापट, पोरांना हाकलून लावायचा. हा बडबड करत नाही म्हणून याला मात्र त्याने बसू दिलं होतं. ऐकून ऐकून याला ती भाषा कळायला लागली होती. कट्ट आणि कडकट्ट यांतून तो मला अक्षरं काढून दाखवी, पाटीवर नखाने वाजवून दाखवी. इंग्रजी शाळेत जायचं आणि रेल्वेत तारमास्तर व्हायचं, हे त्याने ठरवून टाकलं होतं. त्याने मला त्याचं कारणही सांगितलं. सांगायला त्याला बराच वेळ लागला.

"त-तारेवर सगळेच अ-अडखळत बोलतात," तो म्हणाला. "क-कुणी हसत नाही."

मला तारेतलं काही कळत नव्हतं. पण हे पोर त्या खुर्चीवर बसलं पाहिजे, हे मला त्या ओट्यावर पटलं आणि ते नंतर कधी डोक्यातून गेलं नाही.

आमची युक्ती फार दिवस चालली नाही. मी मध्ये आडवा येतो हे पोरांच्या लक्षात आलं आणि त्यांनी मास्तरांकडे गाऱ्हाणं नेलं. मास्तरांनी आणखी एक निवाडा दिला: कारकुनाच्या मुलानंतर प्रश्न मला न विचारता एकदम वर न्यायचा. मग रोजचंच झालं. मास्तर मुद्दाम त्याच्यापासून सुरुवात करत, वर्गाला जाग यावी म्हणून. सकाळी पहिला प्रश्न त्याला, आणि पहिली थोबाडीत त्याला. बरीच पोरं नुसती ती बघायला वेळेवर येत.

उजव्या हाताची थोबाडीत समोरच्याच्या डाव्या गालावर बसते. पावसाळा संपता संपता त्याच्या डाव्या कानातून पाणी यायला लागलं. कापसाचा बोळा घालून तो शाळेत यायचा, आणि मारणारा बोळ्यासकट मारायचा. मग एकदा ओट्यावर बसलो असताना मी त्याच्या डाव्या बाजूला होतो आणि त्याला हाक मारली, तर त्याने वळून बघितलं नाही. मी पुन्हा मारली. तो तारेचा आवाज ऐकण्यात दंग होता, असं मी स्वतःला सांगितलं. मग त्याने स्वतःच मला उजव्या बाजूला येऊन बसायला सांगितलं. तार कानाने ऐकावी लागते. डोळ्यांनी वाचून तारमास्तर होता येत नाही. हे आम्हां दोघांनाही माहीत होतं.

त्याच्या आईने हट्ट धरला तेव्हा कुठे त्याचे वडील शाळेत आले. भिडस्त गृहस्थ. पगडी सावरत, मास्तरांना वाईट वाटू नये अशा बेताने त्यांनी सांगितलं, की मुलाचा डावा कान जरा दुखावला आहे, तर तेवढं बघावं. मास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वडील गेल्यावर ते वर्गाकडे वळले.

"याच्या डाव्या कानाला इजा आहे," मास्तर म्हणाले. "सबब उद्यापासून याला डाव्या गालावर कुणी मारू नये. उजव्या गालावर मारावं. नाक उजव्या हाताने धरावं आणि डाव्या हाताने मारावं. सवय नसेल त्यांनी आज करून घ्यावी."

मी शपथेवर सांगतो, त्या माणसाला वाटत होतं की आपण कनवाळूपणा केला. त्यांच्या चेहऱ्यावर तसं समाधान होतं. आणि वर्गातली पोरं डावे हात हवेत मारून मारून सवय करायला लागली. कुणाचा नेम चुकून शेजाऱ्याच्या शेंडीला लागत होता, सगळे खिदळत होते. तो माझ्या शेजारी बसला होता आणि त्याने उजव्या कानावर तळहात ठेवला होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज हे लिहितानाही ती खाली उतरलेली नाही, आणि उतरावी अशी माझी इच्छाही नाही.

रोज शाळा सुटताना परवचा होत असे. सगळी पोरं उभी राहून एका सुरात पाढे म्हणत. त्या संध्याकाळी मी पाढे म्हणत नव्हतो, त्याच्याकडे बघत होतो. तो म्हणत होता. पावकी, निमकी, दिडकी, सगळं सडसडीत, कुठे हिसका नाही, कुठे अडकणं नाही. हे मी रोज ऐकत होतो आणि माझ्या टाळक्यात कधी शिरलं नव्हतं. वाटेत मी त्याला म्हटलं, "मी बोलतंय तसा माझे संगती बोल." आम्ही दोघांनी मिळून ठाण्याच्या नद्या म्हटल्या. मग आमच्या दोघांच्या गावांची नावं. मग मास्तरांना एक शिवी. तिन्ही गोष्टी त्याच्या तोंडून साफ आल्या.

दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न नेहमीप्रमाणे त्यालाच आला. जिल्ह्यातल्या नद्या सांग. तो उठला, जबडा अडकला, मान वाकडी व्हायला लागली. वरच्या टोकाला वकिलांचा मुलगा उठायच्या तयारीत होताच. मी उभा राहिलो, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि सुरुवात केली, आणि तो माझ्याबरोबर निघाला. वैतरणा, तानसा, भातसा, काळू, उल्हास. एका सुरात, परवचा म्हणतात तसं.

 मास्तरांची तपकिरीची चिमूट नाकाशी थांबली.

"तुला विचारलं होतं?" त्यांनी मला विचारलं.

"नाय."

"मग चोरून सांगतोस होय त्याला?"

"चोरून कसा, मोठ्यान बोललो. त्याला ठाव हाय. तो माझे संगती बोलला एवढाच."

मास्तर म्हणाले, उत्तर एकाचं एकानेच द्यायचं असतं, हे धरलं जाणार नाही. त्यांनी वर बोट केलं. वकिलांचा मुलगा आला. त्याने उजव्या हाताने याचं नाक धरलं, सवय नसल्यामुळे जरा तिरकंच धरलं, आणि डावा हात मागे नेला. मी त्याचं ते मनगट पकडलं.

मला बंदी होती हे मला पक्कं आठवत होतं. मी मारलं नाही. नुसतं धरून ठेवलं. मीठ ओढणाऱ्याच्या हातातली वस्तू सहसा सुटत नाही. वर्गात एकच गलका झाला, शिवला, शिवला, म्हणून कुणी ओरडलं. मास्तर खुर्चीवरून म्हणाले, "सोड त्याला." मी म्हटलं, "सोडतंय. पन ह्याचा हात खाली जानार असल तर. त्याला दुसरा कान नाय." वकिलाचा पोरगा माझ्याकडे बघत होता. आधी रागाने, मग नुसताच. हळूहळू त्याच्या हातातलं बळ गेलं आणि हात आपला आपण खाली आला. त्याने नाक सोडलं. मी मनगट सोडलं.

त्या दिवशी मास्तर प्रथमच खुर्चीवरून उठलेले मी बघितले. आम्हां दोघांना बाहेर काढलं आणि वडिलांना घेऊन यायला सांगितलं. त्याचे वडील आले, मास्तरांची माफी मागून गेले, आणि घरी मुलाला म्हणाले की आणखी एक तक्रार आली तर शाळा बंद. मंत्र म्हणताना अडखळत नाहीस, तेव्हा कल्याणला मामाकडे भिक्षुकी शीक. म्हणजे सुरात म्हटलं की याला येतं, हे त्या घरातही सगळ्यांना माहीत होतं. त्याचा त्यांनी काय उपयोग काढला तो हा.

माझा बापूस मिठागरावर होता. हंगाम तोंडावर आलेला, कोंड्यांची डागडुजी चाललेली, गुडघाभर चिखलात उभा. मी बांधावरूनच सगळं सांगितलं. त्याने फावडं रोवलं, कपाळ पुसलं आणि एकच गोष्ट विचारली.

"तो मास्तर सोता मारीत नाय?"

"नाय. पोरांना मारायला लावतंय."

 "मना येयाला वेल नाय," तो म्हणाला. "त्याला माझा निरोप सांग. पोरांचे हातान पोरांना मारू नको. मारायचा हाय त सोताचे हातान मार. तवा कलंल किती लागतंय ते." आणि फावडं उचलून पुन्हा चिखल ओढायला लागला.

आता निरोप म्हणजे निरोप. तो जसाच्या तसा पोचवायचा असतो, असं आमच्यात मानतात. मी दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो, मास्तरांसमोर उभा राहिलो आणि सांगितला. शब्द बदलला नाही, आगरी ढंगही बदलला नाही. त्या दिवशी मात्र माझ्या बोलण्याला कुणी हसलं नाही.

मास्तर लालेलाल झाले. मेजाच्या खणातून त्यांनी वेताची छडी काढली, ती कित्येक वर्षं वापरली नसावी, धूळ उडाली. मी हात पुढे केला. मघाशी सांगितलं ना माझ्या कातडीचं? छडी बसत होती आणि मी उभा होतो. ते पाहून त्यांनी माझ्या मित्राला बोलावलं. हाही आला आणि याने हात पुढे केला. याचा हात मऊ, कारकुनाच्या घरचा. छडी बसल्यावर डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण कानाला कुणी हात लावला नाही. जागेवर येऊन बसल्यावर त्याने लाल तळवा मला दाखवला आणि तो चक्क हसत होता.

मग तेच सुरू झालं. याला प्रश्न आला की मी उभा राहायचो आणि आम्ही दोघं मिळून बोलायचो. उत्तर धरलं जायचं नाही आणि दोघांना छडी. नाव काढून टाकीन अशी धमकी मास्तरांनी दिली, पण मला कशासाठी काढलं हे वर कळवावं लागलं असतं आणि 'मुलाने मारू दिलं नाही' असं काही त्यांना लिहवेना. याच्या घरी तक्रार न्यायची तर कानाचा विषय पुन्हा निघाला असता, म्हणून तीही त्यांनी नेली नाही. काही दिवसांनी आमच्या बाजूचा एक सोनाराचा मुलगा, जो आमच्याशी कधी एक शब्द बोलला नव्हता, त्याच्यावर मारायची पाळी आली तेव्हा जागचा हलला नाही. "मला छडी द्या," म्हणाला. पुढे आणखी एकदोघं तसं म्हणाले. खालच्या टोकाकडूनच ते पसरलं. वरच्या टोकाला शेवटपर्यंत थोबाडी चालल्या, मी खोटं सांगणार नाही. वकिलांचा मुलगा सुधारला वगैरेही काही झालं नाही. तो आमच्या वाऱ्याला उभा राहत नसे, इतकंच.

मास्तरांचं वय झालेलं होतं. रोज उठायचं, छडी काढायची, इतक्या तळव्यांवर ती चालवायची, त्यांचा दंड भरून यायला लागला. दुपारी ते खांदा चोळत बसलेले दिसत. आणि एक दिवस याला प्रश्न आला, मी उठणार इतक्यात त्यांनी मला हाताने खाली बसवलं आणि याच्याकडे बघत राहिले. छडी उचलण्यापेक्षा वाट बघणं त्यांना सोपं गेलं असावं. दयेचा त्यात संबंध नव्हता. हा अडखळला, हिसके दिले, लाल झाला, आणि सगळ्या वर्गासमोर त्याने एकट्याने उत्तर पुरं केलं. मास्तर म्हणाले, "बरोबर," आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

डावा कान कायमचा गेला. उजवा राहिला. तो इंग्रजी शाळेत गेला, रेल्वेत लागला आणि तारमास्तर झाला. जिथे जिथे बदली झाली तिथे पहिल्या दिवशी तो उजवा कान यंत्राकडे येईल अशी खुर्ची फिरवून घेई. मी मास्तर झालो. कल्याणकडच्या शाळांत माझा जन्म गेला. माझ्या वर्गात एका मुलाचा हात दुसऱ्या मुलावर उठला नाही, आणि नंबराची रांग मी कधी लावली नाही. त्यावरून वरिष्ठांची बोलणी खाल्ली. शिस्त नाही, चढाओढ नाही, आगऱ्या-कोळ्यांची, महारांची आणि भटांची पोरं एका सतरंजीवर कोंबतो, असे शेरे मिळाले. बढती अडली. मी सतरंजी उचलली नाही. माझी पोरं हसली, भांडली, शाळा बुडवून खाडीत डुंबली. पण शाळेत येताना कुणी कानावर हात ठेवून आलं नाही.

अलीकडे आमच्या त्या जुन्या शाळेत मास्तरांची तसबीर लावण्याचा समारंभ झाला. आम्हां दोघांनाही बोलावणं होतं. मी जाणार नव्हतो. तो म्हणाला, जाऊ. खोली तीच होती, फक्त आता बाकं आली होती. भाषण वकीलसाहेबांचं. हो, तोच, आता स्वतः वकील आणि गावातला मोठा माणूस. मास्तरांनी आयुष्यात कुणावर हात उचलला नाही, असं तो म्हणाला. आम्ही एकमेकांच्या थोबाडीत दिल्या, त्या गोड थोबाडींनी आम्हाला माणूस केलं, आजच्या मुलांना असं प्रेम मिळत नाही. सगळे कौतुकाने हसले, टाळ्या पडल्या. माझ्या मित्राचा डावा कान त्या बाजूला होता. त्याने मला कोपराने ढोसून काय म्हणाला ते विचारलं. मी त्याच्या उजव्या कानात शब्दन्‌शब्द सांगितला.

तो उठून उभा राहिला. भाषण थांबलं. त्याने तोंड उघडलं आणि जबडा अडकला, इतक्या वर्षांनी तसाच, मान वाकडी, ओठांवर पहिलं अक्षर. पुढच्या रांगेत कुणीतरी खाली बघितलं. वकीलसाहेब मायेने म्हणाले, "बसा, बसा, तुमच्या भावना पोचल्या." मी सवयीने उभा राहिलो आणि त्याच्याबरोबर बोलण्यासाठी तोंड उघडलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं.

"म-माझा कान," तो म्हणाला, "या ख-ख-खोलीत गेला. क-कसा गेला, ते मी सांगणार आहे. म-मला वेळ लागेल. त-तोवर कुणी उठायचं नाही."

कुणी उठलं नाही. वकीलसाहेब हातातला कागद धरून तसेच उभे राहिले. त्याला बराच वेळ लागला, आणि त्याने सगळं सांगितलं.